११८ चे १०० : ऑपरेशनशिवाय वजन उतरवायचं असेल तर

प्रश्न असा आला आहे. वय ४३, उंची १७० सेंटिमीटर, वजन ११८ किलो. नागपूरच्या इतवारीत धान्याचं ठोक दुकान, दिवसभर गादीवर बैठक आणि आठ कट चहा. खाण्यात अंडी चालतात. चार वर्षांपासून शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.६. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारं औषध. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी, ग्रेड २. गुडघे दुखतात. घोरणं वाढलं म्हणून झोपेची तपासणी झाली, रात्री झोपताना श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावायला सांगितलं, ते अजून आणलेलं नाही. एका सर्जनने पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं, घरचे घाबरले. "ऑपरेशन न करता तीस-पस्तीस किलो उतरेल का? उतरलं तर गोळ्या सुटतील का? घरी माझं वेगळं शिजवावं लागेल का?" आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य : चौदा वर्षांच्या मुलाची मान काळी पडली आहे, घासून घासून जात नाही, त्याला कुठला साबण लावावा?

भाऊ, साबणाचं शेवटी सांगतो, पण ते वाचल्याशिवाय उठू नका.

मी नागपुरात सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. तीस-पस्तीस किलो निव्वळ खाण्यापिण्यावर उतरवून ते टिकवणारे पेशंट मी पाहिले, पण मोजके. पंधरा-अठरा किलो उतरवून टिकवलेले बरेच पाहिले. तुमच्या आजारांना जे हवं आहे, त्यातलं बहुतेक या अठरा किलोंतच मिळतं. म्हणून मनातला ८५ चा आकडा सध्या पुसा आणि तिथे १०० लिहा.

उतरलेल्या वजनाकडे मी औषधाच्या डोससारखं पाहतो. किती डोसला काय गुण येतो हे बऱ्यापैकी माहीत झालेलं आहे. पाच टक्के, म्हणजे तुमचे सहा किलो उतरले की बीपी हलायला लागतं. साधारण एका किलोमागे वरचं बीपी एका अंकाने खाली येतं असा हिशेब धरतात. गुडघ्यांना तर पहिल्या महिन्यापासून कळतं, कारण शरीराचं एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. सहा किलो म्हणजे चोवीस. गव्हाचा अर्धा कट्टा घेऊन तुम्ही जिने चढत होतात, तो खाली ठेवला असं समजा. सात ते दहा टक्क्यांना लिव्हरवरची चरबी आणि सूज दोन्ही उतरतात. फॅटी लिव्हरसाठी गोळ्यांची लांब यादी घेऊन येणाऱ्यांना मी हेच सांगतो की वजनाच्या तोडीचं औषध त्या यादीत नाही. दहा टक्क्यांना झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने घटतं. आणि पंधराच्या आसपास शुगरची गोष्टच बदलू शकते.

ही शेवटची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तुमचा 'गोळ्या सुटतील का' हा प्रश्न तिथेच अडकला आहे. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड आणि टाइनसाइड भागात 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, २०१७ साली त्याचे पहिले निकाल आले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे लोक त्यात होते. त्यांना तीन ते पाच महिने रोज फक्त सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचा पातळ आहार दिला, गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात होती. ज्यांचं वजन पंधरा किलो किंवा जास्त उतरलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. मधुमेहाचं हे मूळ आपण नीट समजून घ्यायला हवं : लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी निघाली की इन्सुलिन पुन्हा वेळेवर आणि पुरेसं सुटू लागतं. पण स्वादुपिंड फार वर्षं थकलेलं असेल तर ते उठत नाही. तुमची चार वर्षं झाली आहेत. अजून वेळ हातात आहे, म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे. त्याच अभ्यासात दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ टक्के झाले आणि पाचव्या वर्षापर्यंत आणखी बरेच कमी, कारण वजन परत चढलं. औषध थांबवलं की आजार परततो, तसंच हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जेवण कमी करण्याआधी औषधं कमी करून घ्या. तुमच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन पिळून काढतं. काही वर्षांपूर्वी श्रावणात पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे रिक्षात घालून आणले होते. त्यांनी आपल्या मनाने एकवेळचं जेवण धरलं होतं, गोळी मात्र दोन्ही वेळची चालू. चौथ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायरीवर बसले ते उठेनात. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, बोलणं असंबद्ध. लोकांना वाटलं लकवा मारला. शुगर होती ४४. ग्लुकोज शिरेतून गेल्यावर पाच मिनिटांत त्यांनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "माझी चप्पल कुठाय?" ते वाचले, कारण शेजारी कोणीतरी होतं. घरी एकटे झोपलेले असते तर?

म्हणून तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा की मी सोमवारपासून खाणं निम्म्यावर आणतो आहे, ग्लिमेपिराइडचं काय करायचं? बहुधा ते निम्मं करतील किंवा बंदच करतील. मेटफॉर्मिन चालू ठेवतील. पहिले दोन आठवडे घरच्या मशीनवर दिवसातून चारदा शुगर बघा आणि वहीत लिहा. ७० च्या खाली गेली तर साखरेचं पाणी प्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध हाही एक धोका आहे. वजन उतरताना सुरुवातीला शरीरातलं पाणी जातं, त्यात आपला मे महिना, ४५ डिग्री. सकाळी पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपी उभं राहून मोजा, तेही औषध कमी करावं लागेल. आणि मधल्या काळात कोणी तुम्हाला डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे शुगरचं औषध सुरू केलं असेल, तर लांब उपास आणि धान्य पूर्ण बंद करणारे आहार करू नका. शुगर साधारण दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढून माणूस आयसीयूत जातो.

घरच्या घरी ८०० कॅलरी मात्र करू नका. तो आहार देखरेखीखाली, मोजूनमापून दिलेला होता. ओळखीतल्या कोणी शेकचा डबा आणून दिला तर तोही नको. असल्या पावडरी घेऊन डोळे पिवळे झालेले पेशंट मी पाहिले आहेत, आणि डब्यात काय होतं हे आणून देणाऱ्यालाही सांगता आलं नाही. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होतात, तेही लक्षात ठेवा. तुमच्यासाठी मी १५०० ते १६०० कॅलरी धरीन. तुमच्या शरीराला सध्या अंदाजे २६०० लागतात, तेव्हा रोजची हजाराची तूट पडते. पहिल्या महिन्यात तीन-चार किलो, मग दोन-अडीच, मग त्याहून कमी. १०० वर यायला आठ-दहा महिने लागतील.

खाण्यात पहिली जागा प्रोटीनला द्या. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही वितळतात, आणि स्नायू गेले की वजन परत चढायला वाट मोकळी होते. दिवसाला ८० ते ९० ग्रॅम प्रोटीन लागेल. आपल्याकडे वरण-भाताला प्रोटीनचं जेवण समजतात. पण वरण पातळ, त्यात डाळ मूठभर, आणि भाताचा डोंगर. एका वाटीत फार तर पाच-सहा ग्रॅम. तुम्ही अंडी खाता असं लिहिलं आहे, मग काम सोपं आहे. सकाळी दोन पूर्ण अंडी आणि दोनांचा नुसता पांढरा भाग, वरून कांदा-सांबार (कोथिंबीर) घालून. दुपारी ज्वारीची एक भाकर, घट्ट वरण मोठी वाटी, पालक-मेथी-अंबाडी जी असेल ती भाजी दोन वाट्या, साय काढलेल्या दह्याचं ताक. चार-पाच वाजता मूठभर फुटाणे. रात्री साडेसातच्या आत सोयाबीनच्या वड्यांची भाजी किंवा घरी लावलेलं कमी चरबीचं पनीर शंभर ग्रॅम, काकडी-टमाटर आणि हवी तर अर्धी भाकर. भाकरीबरोबर जवसाची चटणी जरूर खा, फक्त त्यावर कच्चं तेल ओतू नका. भात आठवड्यातून दोनदा, एक वाटी. सावजी रस्सा महिन्यातून एकदा, आणि वरची तर्री पळीने काढून. सावजीवाल्यांना हे मानवणार नाही, पण तुमच्या लिव्हरला मानवतं.

तुमच्या दुकानातला चहा मी विसरलेलो नाही. दलाल आला की चहा, गाडी खाली झाली की चहा, उधारी मागायला कोणी आलं की चहा. दिवसाला आठ कट, प्रत्येकात दीड चमचा साखर, म्हणजे बारा चमचे, पन्नास-साठ ग्रॅम. दोनशेहून जास्त कॅलरी, आणि त्यातून पोट भरल्याची जाणीव शून्य. समोरच्याला पाजा, तुमचा कट बिनसाखरेचा सांगा. पोऱ्याला एकदा सांगून ठेवलं की तो विसरत नाही. पंधरा दिवसांत जीभ वळते.

तेलाचं गणित मात्र वहिनींबरोबर बसून करा, कारण ते एकट्याचं नसतं. माझ्याकडे नंदनवनातली एक ताई येते, घरात पाच माणसं. आहारतज्ज्ञ तिला तेल चमच्याने मोजायला सांगायची आणि ती वैतागायची. मग मी म्हटलं, चमचे सोडा, १५ किलोचा पिपा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख टाका. पहिला पिपा ४५ दिवसांत संपला. भागाकार केला तर माणशी रोज ६६ ग्रॅम, म्हणजे सहाशे कॅलरी निव्वळ तेलाच्या. ती गप्प झाली. पुढच्या पिप्यावर तिने तारीख टाकली आणि फोडणीची पळी बदलून लहान आणली. पाटवडी महिन्यातून एकदा, भरड्याचे वडे सणालाच, पोहे झाकण ठेवून वाफेवर. तो पिपा ७० दिवस गेला, नंतरचा ९८. माणशी ३० ग्रॅमवर आलं. माणशी सव्वातीनशे कॅलरींची बचत, आणि घरात कोणी डाएटवर नव्हतं. तिचं स्वतःचं वजन वर्षभरात ९१ चं ८० झालं. ती पिप्यांची रिकामी झाकणं, तारखांसकट, एकदा पिशवीत घालून मला दाखवायला घेऊन आली होती.

चालण्याने वजन फारसं उतरत नाही, टिकतं मात्र चालण्यानेच. सुरुवातीला सेमिनरी हिल्सच्या चढावर जाऊ नका, ११८ किलोत ते गुडघे सहन करणार नाहीत. सपाट मैदान बघा, किंवा अंबाझरीच्या काठाने जा. पहिले पंधरा दिवस दहा-दहा मिनिटं, तिन्ही जेवणांनंतर. जेवणानंतरचं चालणं शुगरला त्याच वेळी खाली ओढतं, म्हणून मला ते पहाटेच्या एका लांब फेरीपेक्षाही प्रिय आहे. एप्रिल ते जून पहाटे साडेपाचच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. फेरी झाली की फुटाळ्यावर तर्री पोह्याची प्लेट आणि वर समोसा, हा कार्यक्रम बंद. चाळीस मिनिटांत जाळलेलं तिथे दहा मिनिटांत परत येतं, वर व्याज. याशिवाय आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, आणि भिंतीला हात लावून जोर. गादीवरून दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. धान्याचा नमुना नोकराला आणायला सांगता ना, तो स्वतः जाऊन आणा.

झोपेत लावायचं मशीन या आठवड्यात आणा. वजन उतरल्यावर बघू, असं म्हणू नका. रात्रभर श्वास अडकतो तेव्हा बीपी चढलेलं राहतं, दिवसा गोड खावंसं वाटतं आणि गाडी चालवताना डुलकी लागते. वर्धा रोडवर शंभरच्या वेगात लागलेली डुलकी वजन उतरायची वाट बघत नाही. १०० किलोवर आलात की तपासणी पुन्हा करू, कदाचित मशीन सुटेल.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी दुकानात येऊन सांगेलच. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. ही खरी औषधं आहेत, मी देतो. जाहिरातीत पंधरा-वीस टक्के ऐकू येतं, ते मधुमेह नसलेल्या लोकांचे आकडे. मधुमेह असलेल्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आणि टिर्झेपटाइडच्या वरच्या डोसने साडेचौदाच्या आसपास वजन उतरलं. थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग परत चढल्याचंही सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात दिसलं आहे. सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो, कारण शुगर एकदम उतरली की पडद्याचा आजार काही काळ बिघडू शकतो. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर असेल तर ही इंजेक्शनं नकोत. जिममधल्या मित्राकडून किंवा मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय तर कधीच घेऊ नका. तुमच्या बाबतीत माझं मत विचाराल तर चार महिने मनापासून करून वजन १११-११२ च्या वर अडकलं, तर इंजेक्शन जोडावं. त्यात कमीपणा काही नाही. बीपीची गोळी घेताना लाज वाटते का?

सर्जनवर राग धरू नका. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०.८ आहे, सोबत मधुमेह आणि झोपेचा आजार. या आकड्यांना ऑपरेशन सुचवणं नियमात बसतं, आणि पंचवीस-तीस टक्के वजन उतरवून वर्षानुवर्षं टिकवण्यात आजही त्याच्या जवळ दुसरं फारसं काही जात नाही. फक्त त्यानंतरही हेच प्रोटीन, हेच चालणं, वर जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या. वर्षभरानंतर आपण १०० च्या जवळ नसलो आणि शुगर तशीच असली, तर मी स्वतः तुम्हाला चांगल्या सर्जनकडे पाठवीन आणि वहिनींशी बोलीन.

सातव्या-आठव्या महिन्यात काटा थांबेल. तेव्हा बहुतेक जण सोडून देतात. वजन कमी झालेलं शरीर कमी जाळतं आणि भूक वाढवतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी, २०१६ च्या अभ्यासात, पुन्हा तपासलं तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे तुमची इच्छाशक्ती कमी पडलेली नसते, शरीर जुनं वजन परत मागत असतं. त्या दिवसांत आणखी उपाशी राहू नका. वजन आहे तिथे दोन महिने धरून ठेवा, प्रोटीन आणि खुर्चीचा व्यायाम वाढवा, मग पुढची तूट. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा. महालक्ष्म्यांचं जेवण, दिवाळी, लग्नसराई यांत दोन किलो चढतातच. तीन चढले की त्याच आठवड्यात मला भेटायचं, दहा चढेपर्यंत थांबायचं नाही.

गोळ्या सुटल्या आणि एचबीए१सी तीन महिने ६.५ च्या खाली राहिलं, तर त्याला आम्ही रेमिशन म्हणतो, मधुमेह गेला असं म्हणत नाही. सहा महिन्यांनी शुगर, वर्षाला डोळे आणि लघवीतलं प्रोटीन, हे चालूच.

वेगळं शिजवावं लागेल का? नाही, आणि यातच तुमच्या मुलाचं उत्तर आहे. मानेवरचा तो काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा मळ नाही. त्याला घासू नका, आणि पाहुण्यांसमोर 'मान धूत नाही' असं तर म्हणूच नका. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि मानेची, काखेची कातडी अशी काळी, जाड होते. वजन आणि कंबर कमी झाली की ती फिकी पडत जाते. चौदा वर्षांच्या मुलात, बापाला शुगर असताना, ही खूण दिसली तर ती मी सूचना समजतो, आणि ती वेळेवर मिळाली आहे. तुमच्या वयाला पोहोचेपर्यंत त्याला काहीच होऊ नये, इतका वेळ त्याच्याकडे आहे. त्याला डाएट सांगायचं नाही, ताटातली भाकर मोजायची नाही. पिप्यावर तारीख टाकायचं काम त्याला द्या आणि जेवणानंतरच्या दहा मिनिटांत त्याला बरोबर घ्या. पुढच्या वेळी याल तेव्हा त्यालाही घेऊन या. त्याची उंची, वजन, कंबर मोजू, उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी करू. शाळा बुडणार नाही अशी सकाळची वेळ देतो, फक्त त्याला काही न खाता आणा.